अरबांचा कहवा

आशिया खंडाच्या नैर्ऋत्येस अरबस्तानचे विस्तीर्ण द्वीपकल्प पसरलेले आहे. त्याच्या पश्चिमेस तांबडा समुद्र, पूर्वेस इराणचे आखात आणि दक्षिणेस अरबी समुद्र आहे. तीन बाजूंना पाणीच पाणी. परंतु आत मात्र पाण्याचा दुष्काळ! या सबंध प्रदेशात बारमाही वाहणारी एकही मोठी नदी नाही. दक्षिणेकडील ‘रुब अल् खाली’ हे जगातील वाळूचे सर्वांत मोठे सलग वाळवंट होय. ‘रिकामा चौथा भाग’ असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. उन्हाळ्यात तेथील उष्णता ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि हिवाळ्यातील रात्री थंडीने अंगात कापरे भरते.

अशा मुलखातून पूर्वी लोक उंटांच्या पाठीवर बसून प्रवास करीत. वाट चुकली, किंवा ज्या विहिरीच्या भरवशावर निघावे ती आटलेली निघाली, तर प्रवाशाच्या जिवावर बेतत असे. त्या वेळी दूरवर एखादा काळा तंबू दिसला की त्याच्या जिवात जीव येई. हे तंबू बेदुइन लोकांचे. बेदुइन म्हणजे उंट आणि शेळ्यामेंढ्या घेऊन चाऱ्यापाण्याच्या शोधात हिंडणारे वाळवंटातील अरब. शेळीच्या काळ्या केसांच्या पट्ट्या विणून ते आपले तंबू उभारीत आणि त्यांना ‘केसांचे घर’ असे म्हणत.

तंबू दिसला खरा. पण तो कोणाचा? तेथील माणसे ओळखीची नाहीत. कदाचित आपल्या टोळीचे आणि त्यांच्या टोळीचे वैरही असेल. तरीसुद्धा वाटसरू निर्धास्तपणे त्या तंबूकडे वळत असे. दाराशी आलेल्या माणसाला विन्मुख पाठवावयाचे नाही, हा वाळवंटाचा अलिखित कायदाच होता. पाहुण्याला तीन दिवस अन्न, पाणी आणि आसरा द्यावयाचा. तो कोण, कोठला आणि कशासाठी आला, हे त्याला लगेच विचारावयाचे नाही. आणि तो आपल्या छपराखाली आहे तोवर त्याच्या जिवाचे रक्षण करावयाचे, असा तो कायदा होता.

हा कायदा लिहिलेला नव्हता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास कोणी शिपाईही नव्हता. मग लोक तो का पाळीत? कारण आजचा यजमान उद्याचा वाटसरू होता. आज आपण कोणाला पाणी नाकारले, तर उद्या आपण तहानेने व्याकूळ झालो असता कोणाच्या तोंडाकडे पाहावे? वाळवंटातील प्रत्येक माणसाला हे पक्के ठाऊक होते. म्हणून तेथे आतिथ्य ही केवळ आवडीची किंवा हौसेची गोष्ट राहिली नाही. ती सर्वांच्या जगण्याची अट झाली.

ज्या गुणावर सर्वांचे जीवन अवलंबून असते, त्या गुणाचा समाजात मोठा गौरव होतो. जुन्या अरबी भाषेत उदार मनुष्याचे वर्णन करताना त्याला ‘पुष्कळ राखेचा धनी’ असे म्हणत. राखेचा आणि औदार्याचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु विचार करून पाहा. ज्याच्या घरी पाहुणे फार, त्याच्या घरी स्वयंपाक फार. स्वयंपाक फार म्हणजे जळण फार. आणि जळण फार म्हणजे दारापुढे राखेचा ढीगही मोठा! माणसाची श्रीमंती त्याच्या पेटीतील नाण्यांवरून न मोजता त्याच्या चुलीतील राखेवरून मोजणारा हा वाक्प्रचार किती अर्थपूर्ण आहे!

हातिमताईचे नाव आपल्याकडेही अनेकांनी ऐकलेले असते. हा हातिम सहाव्या शतकात अरबस्तानात होऊन गेला. तो ताय टोळीतील एक कवी आणि सरदार होता. त्याच्या औदार्याच्या अनेक कथा पुढे प्रचलित झाल्या. त्यांपैकी एक कथा शेख सादी या फारसी कवीने तेराव्या शतकात आपल्या ‘बोस्तान’ या ग्रंथात सांगितली आहे. हातिमापाशी एक अत्यंत वेगवान घोडा होता. रूमच्या राजाने त्या घोड्याची कीर्ती ऐकली आणि तो मागून आणण्यासाठी आपला दूत पाठविला. दूत पोचला त्या रात्री धुवाधार पाऊस पडत होता. हातिमाचे कळप दूर चरावयास गेले होते आणि पाहुण्यांना वाढण्यासाठी जवळ दुसरे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूताने राजाचा निरोप सांगितला, तेव्हा हातिमाला फार दुःख झाले. तो म्हणाला, हे तुम्ही कालच सांगावयास हवे होते. कारण काल रात्री तुमच्या जेवणासाठी मी तोच घोडा मारला!

हातिमाच्या काळी अरबांना कहवा माहीत नव्हता. त्यांचे आतिथ्य जुने आहे. कहवा त्या मानाने पुष्कळच अलीकडचा. कहवा म्हणजे अरबी पद्धतीची कॉफी. किंबहुना आपला ‘कॉफी’ हा शब्दच मुळात अरबी ‘कहवा’ या शब्दापासून, तुर्की आणि युरोपीय भाषांतून फिरत फिरत आपल्याकडे आलेला आहे. कॉफीचे झाड आफ्रिकेतील इथिओपियाच्या डोंगरांत मूळचे उगवणारे. तांबडा समुद्र ओलांडून ते समोरच्या येमेनमध्ये आले. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी झोप येऊ नये म्हणून हे पेय घेत असत. तेथून ते मक्केस आणि कैरोस पोचले. लोक एकत्र जमून हे नवे पेय पितात आणि गप्पा मारतात, हे मक्केच्या खाइर बेग नावाच्या अधिकाऱ्याला खपले नाही. त्याने १५११ साली कहव्यावर बंदी घातली. परंतु ती बंदी फार काळ टिकली नाही. येमेनच्या मोखा बंदरातून पुढे कॉफी जगभर जाऊ लागली. बाबा बुदन नावाच्या एका साधुपुरुषाने सतराव्या शतकात तेथून सात बिया आणून कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी कथा आहे. ते डोंगर आज त्याच्याच नावाने ओळखले जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॉफीचे झाड वाळवंटात वाढत नाही. त्याला डोंगराची उंची, पाऊस आणि सावली लागते. त्यामुळे येमेनचे आणि अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील डोंगर सोडले, तर अरबस्तानात कॉफी पिकत नाही. कहव्यात घालावयाचा वेलदोडा तर याहूनही दूरचा. तो शतकानुशतके आपल्या मलबार किनाऱ्यावरून गलबतांतून तिकडे जात असे. अरबी भाषेत वेलदोड्याला ‘हेल’ म्हणतात, आणि या शब्दाचा संबंध संस्कृतातील ‘एला’ या शब्दाशी जोडला जातो. तंबूत राहणाऱ्या बेदुइनापाशी घरचे असे काय असे? उंटिणीचे दूध आणि फार तर खजूर. कॉफी आणि वेलदोडा त्याला बाजारातून विकत आणावे लागत. जी वस्तू आपल्याजवळ थोडी आहे आणि जी पैसे मोजून आणली आहे, ती तो अनोळखी पाहुण्यापुढे ठेवीत असे. कहव्याला अरबांच्या आतिथ्यात एवढे मानाचे स्थान मिळाले, याचे एक कारण हेही असावे.

आता हा कहवा कसा तयार करतात ते पाहू. पाहुणा आला की यजमान तयार पेय आणून देत नाही. परंपरेप्रमाणे तो पाहुण्यासमोरच सर्व तयारी करतो. प्रथम निखाऱ्यांवर लांब दांड्याची लोखंडी कढई ठेवून तीत कच्च्या बिया भाजतात. आपल्याकडील जुनी माणसे या बियांना बुंददाणे म्हणत. अरबीतही बीला ‘बुन’ असेच म्हणतात. आखाती प्रदेशात बिया थोड्याच भाजतात. त्यामुळे तेथील कहवा काळा न होता सोनेरी, पिवळसर होतो. जॉर्डन आणि सिरिया या भागांतील बेदुइन मात्र त्या चांगल्या काळपट होईपर्यंत भाजतात.

भाजलेल्या बिया थंड झाल्या की त्या उखळीत घालून कुटतात. ही उखळी कोठे लाकडाची, तर कोठे पितळेची असते. कुटणारा नुसते घाव घालीत नाही. तो बत्ता कधी तळावर, तर कधी उखळीच्या काठावर मारून त्यातून ताल धरतो. वाळवंटातील शांततेत तो नाद दूरवर ऐकू जाई. तो कानी पडला की आसपासच्या तंबूंतील माणसे समजत, आज अमक्याकडे कहवा होतो आहे. निराळे आमंत्रण देण्याची गरज नसे. उखळीचा आवाज हेच आमंत्रण. यजमानाला गुपचूप कहवा करून एकट्याने पिण्याची सोयच नव्हती!

नंतर ही पूड पाण्यात उकळतात. कहव्याच्या भांड्याला ‘दल्ला’ म्हणतात. दल्ला पितळेची किंवा तांब्याची असते. तिचे पोट रुंद, कंबर निमुळती, झाकण टोकदार आणि तोटी पक्ष्याच्या चोचीसारखी पुढे वाकलेली असते. बहुधा लहानमोठ्या अनेक दल्ला शेगडीपाशी मांडलेल्या असतात. मोठ्या दल्लेत कहवा उकळतो. मग गाळ खाली बसू देऊन तो दुसऱ्या, लहान दल्लेत ओततात आणि त्यात कुटलेला वेलदोडा घालतात. कोठे कोठे केशर किंवा लवंगही घालतात. पुष्कळदा तोटीच्या तोंडाशी खजुरीच्या झाडाच्या काथ्याचा बोळा बसवितात. तो गाळणीचे काम करतो. या पेयात दूध नसते आणि साखरही नसते. चव कडवटच असते. म्हणून कहव्याबरोबर खजुराचे तबक पुढे करण्याची रीत आहे. कडू घोट आणि गोड खजूर यांची जोडी फार छान जमते.

कहवा देण्याचेही नियम ठरलेले आहेत. पाहुणे जेथे बसतात त्या जागेला ‘मजलिस’ म्हणतात. आपल्या मराठीतील ‘मजलस’ हा शब्द तोच. कहवा देणारा डाव्या हातात दल्ला आणि उजव्या हातात पेले घेऊन उभा राहतो. या पेल्याला ‘फिंजान’ म्हणतात. तो मुठीत मावेल एवढा लहान असून त्याला कान नसतो. सर्वांत वडील किंवा सर्वांत मानाच्या पाहुण्याला पहिला पेला मिळतो, आणि मग क्रमाक्रमाने इतरांना. पाहुण्यानेही तो उजव्याच हाताने घ्यावयाचा असतो.

पेला कधी काठोकाठ भरीत नाहीत; त्यात चतुर्थांशाइतकाच कहवा ओततात. नवख्या माणसाला हा कंजूषपणा वाटेल. वास्तविक पेला काठोकाठ भरणे हाच तेथे पाहुण्याचा अपमान समजला जातो. एकदाच काय ते पिऊन घ्या आणि निघा, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय भरलेला पेला, कान नसल्यामुळे, हाताला चटका देईल. थोडा कहवा लवकर निवतो, दोन घोटांत संपतो आणि यजमानाला पुन्हा पुन्हा विचारण्याची संधी मिळते. पाहुण्याला पुरे झाले, म्हणजे तो रिकामा पेला हातात धरून डावीउजवीकडे हलवितो. तो असे करीत नाही तोवर कहवा देणारा पेला भरीतच राहतो. एक शब्दही न बोलता ‘आणखी’ आणि ‘पुरे’ हे दोन्ही सांगता येतात.

बेदुइन लोकांनी या पेल्यांना अर्थपूर्ण नावे दिली आहेत. पहिला ‘हैफ’, तो यजमान स्वतः पितो. पेय चांगले आहे आणि ते निर्धास्तपणे प्यावे, अशी ती ग्वाही असते. दुसरा ‘दैफ’ म्हणजे पाहुण्याचा. तिसरा ‘कैफ’ म्हणजे आनंदाचा. हा शब्द मराठीनेही उचलला आहे. आणि चौथा ‘सैफ’, म्हणजे तलवारीचा. हा पेला जो घेई, तो यजमानाचा साथी होई. यजमानावर शत्रू चालून आला, तर तलवार उपसून त्याच्या बाजूने उभे राहण्याचे वचन त्या पेल्यात असे. म्हणूनच सुज्ञ पाहुणा तो विचार करून घेत असे. साधारणपणे निदान एक पेला घ्यावा आणि तिनांहून अधिक घेऊ नयेत, असा शिष्टाचार आजही सांगितला जातो. पहिला पेला नाकारणे म्हणजे यजमानाचे मन मोडणे. आणि मागतच राहणे म्हणजे त्याच्या औदार्याचा गैरफायदा घेणे. आतिथ्याची बंधने अशी दोघांवरही असतात.

परंतु कहव्याचे खरे सामर्थ्य कळते ते न प्यालेल्या पेल्यातून. पाहुण्याने पेला घेतला, पण ओठांना न लावता तो समोर खाली ठेवला, तर यजमान समजतो की, पाहुणा काही मागणे घेऊन आला आहे. मग तो विचारतो, तुमचे काय काम आहे? मागणे मान्य झाल्यावरच पाहुणा पेला उचलतो. ते मान्य न होता पाहुणा कहवा तसाच ठेवून उठून गेला, तर ती यजमानाला मोठी नामुष्की वाटते. मुलीला मागणी घालण्यास गेलेली वडीलधारी मंडळीही अशाच रीतीने पेले समोर ठेवून थांबतात. मुलीकडचे लोक ‘कहवा घ्या’ म्हणाले की लग्न जमले असे समजावे.

जॉर्डन आणि पॅलेस्टाईन या प्रदेशांत याहूनही गंभीर प्रसंगी हा रिवाज पाळला जातो. समजा, भांडणात एखाद्याच्या हातून दुसऱ्याचा खून झाला. मृताच्या आप्तांच्या मनात सूडाची आग पेटलेली असते. एका खुनाचा बदला दुसऱ्या खुनाने, दुसऱ्याचा तिसऱ्याने, असे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालण्याचे भय असते. अशा वेळी समाजातील प्रतिष्ठित वृद्ध एकत्र येऊन मृताच्या घरी जातात. घर दुःखात बुडालेले असते. तरीही आलेल्यांपुढे कहवा ठेवला जातोच. ते वृद्ध पेल्याला हात लावीत नाहीत. ते गुन्हा कबूल करतात, क्षमा मागतात आणि सूड न घेण्याविषयी विनंती करतात. सर्वांचे डोळे घरच्या वडील माणसाकडे लागलेले असतात. पेले तसेच पडून असतात; त्यांतील कहवा निवत जातो. त्या माणसाचा मुलगा किंवा भाऊ गेलेला असतो. त्याने काय ठरवावे, हे दुसरे कोणी त्याला सांगू शकत नाही. आणि जेव्हा अखेर तो म्हणतो, ‘तुमचा कहवा घ्या’, तेव्हा त्या एका वाक्याने अनेक तरुणांचे प्राण वाचलेले असतात.

आज अरबस्तान पार बदलून गेले आहे. बहुतेक बेदुइन आता गावांतून आणि शहरांतून स्थायिक झाले आहेत. विसाव्या शतकात तेथे खनिज तेल सापडले. उंटांच्या वाटांवर रुंद रस्ते झाले आणि काळ्या तंबूंच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आता वाट चुकलेल्या प्रवाशाला अनोळखी तंबूचा आसरा क्वचितच शोधावा लागतो. तरी कहवा गेलेला नाही. घरी, कचेरीत, लग्नात आणि दुखवट्याच्या बैठकीतही तो दिला जातो. निखाऱ्यांऐवजी गॅसची शेगडी आली आणि पितळी दल्लेचे काम पुष्कळदा थर्मास करतो. पण थर्माससुद्धा दल्लेच्याच आकाराचा मिळतो! संयुक्त अरब अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर दल्लेचेच चित्र आहे. सौदी अरबस्तान, ओमान, कतार आणि संयुक्त अरब अमिराती या चार देशांनी मिळून केलेल्या विनंतीवरून युनेस्कोने २०१५ साली अरबी कहव्याचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला. ‘औदार्याचे प्रतीक’ अशा शब्दांत तेथे त्याची नोंद झाली आहे.

ही परंपरा मुले मुख्यतः घरीच शिकतात. वडीलधाऱ्यांबरोबर बाजारात जाऊन चांगल्या बिया कशा ओळखाव्यात हे मुले पाहतात. मग एके दिवशी घरी पाहुणे आले असता वडील मुलाच्या हाती दल्ला देतात. तो डाव्या हाताने ती नीट पेलतो, उजव्या हाताने पहिला पेला सर्वांत वृद्ध पाहुण्यापुढे धरतो आणि मग एकेकाकडे वळतो. मंडळी बसलेली असतात. तो मात्र उभा असतो. कोणाचा पेला रिकामा झाला, कोणी तो हलविला, आणि कोणी न पिताच खाली ठेवला, याकडे त्याचे बारीक लक्ष असते. शेवटच्या पाहुण्याने पेला हलवून परत केला, म्हणजे मगच तो दल्ला खाली ठेवून बसतो.